अर्धा किलो देव

देवराव ढवळे देवळात गेले की चपला काढायच्या आधी खिशातला टेप काढतात. पिवळ्या डबीतला, पाच मीटरचा, सुतार वापरतात तसला. त्याचं एक टोक ते मूर्तीच्या चौथऱ्याला लावतात, डबी शेजारच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत नेतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. मग बटण दाबून पट्टी सर्रकन आत घेतात आणि निकाल देतात. "चार फूट दोन इंच. रद्द." एवढं झालं की चपला घालायचाही प्रश्न नसतो, कारण त्या काढलेल्याच नसतात.

बाभुळगावातल्या बहुतेक सगळ्या देवांचं झाडापासूनचं अंतर देवराव काकांच्या वहीत आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो तर बुंध्याला टेकूनच बसलाय. त्याच्यासमोर वहीत 'शून्य' लिहिलंय. मंदाकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, दर शनिवारी नेमक्या त्या शून्यापुढे नारळ ठेवतात. काका तेव्हा दहा पावलं मागे, हाताची घडी घालून उभे असतात. मी शेजारी राहतो, त्यामुळे हे दृश्य मला फुकटात बघायला मिळतं.

गल्लीच्या त्याच टोकाला, तहसील कचेरीसमोर, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. माझ्या देवाबद्दल विचाराल तर तो मशीनपुरता आहे. सकाळी मशीनला अगरबत्ती दाखवली नाही तर दुपारी कागद अडकतो, हा माझा अनुभव आहे. यापलीकडे मी कधी खोलात गेलो नाही. खोलात जाण्याचं काम गल्लीच्या वतीने काका करत होते.

टेपचा उलगडा करायचा तर काकांची नोकरी सांगावी लागेल. एकतीस वर्षं ते माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होते आणि एकतीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट शिकवली, मातीचा नमुना कसा घ्यायचा. झाडाखालची माती घ्यायची नाही, तिथे पालापाचोळा कुजलेला असतो. धुऱ्यावरची, म्हणजे बांधालगतची, घ्यायची नाही. विहिरीजवळची नाही, उकिरड्याजवळची नाही. वावराच्या मधल्या भागात नागमोडी चालत नऊ ठिकाणी वीतभर खोल खड्डे करायचे. नऊ ठिकाणची माती मिसळायची, गोल पसरायची, तिचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन फेकायचे. उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन फेकायचे. असं करत अर्धा किलो उरली की ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची आणि आत चिठ्ठी टाकायची. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना आणला तर काका तो टेबलावरही ठेवू द्यायचे नाहीत. पिशवीला खत चिकटलेलं असतं आणि जमीन आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते, हे ते दिवसातून पाच वेळा सांगायचे.

"नमुना चुकला की अहवाल चुकला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्यालाही ते हेच ऐकवतात.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महिन्यात ते दुकानात आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "सतीश, आपले सारे देव कुठं हायेत सांग बरं."

मी सातबाऱ्याच्या प्रती मोजत होतो. म्हटलं, "सगळीकडेच आहेत म्हणतात."

"म्हनते ना लोक. पन हायेत कुठं? झाडाखाली. नाईतं धुऱ्यावर. नाईतं विहिरीजोळ. लेका, जिथला नमुना घ्याचा नाई म्हून मी उभी जिंदगी बोंबललो, तिथंच सारे बसले हायेत. आन् मंग मानूस म्हनते, देव पावला. पालापाचोया पावला असन."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून शंभर प्रती काढून घेतल्या. फॉर्म त्यांनी स्वतः हाताने आखला होता. ठिकाण, झाडापासून अंतर, पाण्यापासून अंतर, देव आढळला किंवा कसे, आणि शेवटी शेरा. शोध सरकारी पद्धतीने सुरू झाला.

या माणसाला देव नको होता असं समजू नका. नको असता तर शंभर फॉर्म कशाला लागले असते. त्याचं दुखणं वेगळं होतं आणि ते दहावीपासूनचं होतं. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यांनी गावच्या मारुतीला नारळ कबूल केला होता. गणितात बरोबर पस्तीस मार्क मिळाले. नारळ फोडला, पण डोक्यात किडा शिरला. देवाने दिले असते तर पस्तीसच काहून दिले असते, आणि स्वतःचे असते तर नारळ कायले फोडला. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की देवाकडे जायचं ते काही न मागता जायचं.

"मांगनं घेऊन गेला की थे खताची पिशवी झाली," ते मला समजावायचे. "तुह्या मनातलंच तुले देवामधी दिसते. पिशवी कोरी पायजे. मंग जे सापडन थे खरं."

आणि खरोखर, तेव्हापासून त्यांनी कुठल्याही देवाकडे काही मागितलं नाही. दोन्ही मुलींच्या लग्नांत नाही, स्वतःच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नाही. मला याचं कौतुक वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची. आपल्याला कोणी काही न मागता भेटायला आलं तर आपणही जरा सावध होतो, देवाचंही तसंच होत असणार.

कोरी पिशवी घेऊन काका खूप हिंडले. दर्ग्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या मुजावरांनी त्यांना चहा पाजला, दुसरा कप पाजला, तिसऱ्याला काका उठले. फॉर्मवर लिहिलं, 'माणूस आढळला. देवाबाबत चौकशी चालू.' आमच्या गल्लीतल्या वानखडे सरांबरोबर बुद्धविहारात गेले. काकांनी फॉर्म पुढे केला तेव्हा सर म्हणाले, "देवरावजी, आमच्याकडे तुमचा हा रकानाच नाही." काका फार खूश झाले. एवढं स्वच्छ उत्तर त्यांना कुठेच मिळालं नव्हतं. देवाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं आणि पुढे कंसात 'प्रामाणिक' असं जोडलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते तिथे जाऊन अर्धा तास गप्प बसून येतात. झाड लांब आहे, हे एक कारण आहेच.

निरंक हा त्यांचा आवडता शब्द. कचेरीतल्या लोकांना तो ठाऊक असतो. रकान्यात भरण्यासारखं काही नसेल तर तो रिकामा ठेवायचा नाही, निरंक लिहायचं. काकांच्या फॉर्मांचा गठ्ठा वाढत गेला आणि त्यात निरंक वाढत गेले.

झरी जामणीकडे नोकरीत असतानाचा एक कोलाम आदिवासी म्हातारा त्यांना आठवला म्हणून ते बस बदलत बदलत तिथपर्यंत जाऊन आले. जंगलाला लागून त्याचं वावर. काकांनी विचारलं, तुमचा देव कुठं असतो. म्हातारा म्हणाला, "आत्ता इथंच होता. तू वही काढली, तवा उठून गेला." हे सांगताना मात्र काका खूप वेळ हसले. त्या फॉर्मवर त्यांनी काहीच लिहिलं नाही. रिकामा ठेवलेला तो त्यांचा एकमेव फॉर्म.

मंदाकाकूंना या सगळ्याचं काहीच वाटत नसे. त्या देवाकडे सरळ मागतात. तुरीला भाव, नातवाचा खोकला, लोणच्याला बुरशी न येणं, सगळं एकाच दमात सांगून टाकतात. काका फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मातीसारखे त्याचे चार भाग करायला बसले की त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अर्धा किलो देव उरला की सांगजा. डबा धुऊन ठेवते."

असं हे छान चाललं होतं. मग तुरीच्या शेंगा भरायच्या दिवसांत काकूंनी, डाळ निवडता निवडता, काकांना सांगितलं की छातीत एक गाठ आहे. दोन महिन्यांपासून आहे. दुखत नाही म्हणून बोलल्या नाहीत.

काका तसेच उठून माझ्याकडे आले. पायात चपला नव्हत्या. या माणसाला मी अनवाणी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना माझ्या गाडीतून यवतमाळला नेलं. डॉक्टर बाई होत्या, शांत होत्या. तपासून म्हणाल्या, गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवू, अहवाल यायला आठ दिवस लागतील. तुकडा काढून झाल्यावर त्या बाहेर आल्या, तर काका दारातच उभे.

"किती ठिकानचा घेतला?"

"काय?"

"नमुना. एकाच ठिकानचा घेतला का?"

"नाही, गाठीत पाच वेळा सुई घातली."

"नागमोडी?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "वेगवेगळ्या दिशांनी घातली."

"मंग ठीक हाय," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून नाव, वय, तारीख मोठ्याने वाचली आणि परत दिली. परतीच्या वाटेत काकू मागच्या सीटवर झोपी गेल्या. काका पुढे बसून, आवाज खाली आणून मला म्हणाले, "बाई कामाची हाय. पाच ठिकानचा घेतला." मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्या तोंडून ते ऐकून मलाही बरं वाटलं.

ते आठ दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. मुली एक पुण्याला, एक हैदराबादला. त्यांना कळवायचं नाही असं दोघांनी ठरवलं. काकू नेहमीसारख्या वावरत होत्या. शनिवार आला तेव्हा लिंबाखाली जाऊन त्यांनी तुरीचा भाव आणि गाठ, दोन्ही एकाच दमात सांगितलं असणार. काका मात्र कुठे जाईनासे झाले. शनिवारी दहा पावलं मागेही नाहीत, रविवारी विहारातही नाहीत. टेप खिशात, पण बाहेर निघेना. माझ्या दुकानात येऊन स्टूलवर बसायचे आणि मशीनच्या उजेडाकडे बघत राहायचे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एवढं हिंडलात. आता एकदा हात जोडून टाका ना. कोणासमोरही जोडा."

त्यांनी खिशातला टेप चाचपला. मग म्हणाले, "आता कसा जोडू बे? इतके साल कोरी पिशवी घेऊन गेलो. कधी काही सापडलं नाई, पन मी खोटा नोतो. आता मले पायजे हाय. आता मी गेलो तं थो मले दिसनच. भेवलेल्या मानसाले कुठंही दिसते. मंग थो खरा का मीच त्याले केला, हे मले मरेपर्यंत समजाचं नाई."

"मग नका जाऊ."

"आन् नाई गेलो, आन् तिले काही झालं?"

मी उगाच मशीनमध्ये कागद भरायला लागलो. त्या क्षणापर्यंत मी त्यांच्या शोधाला म्हातारपणाचा चाळा समजत होतो, हे कबूल करायला मला लाज वाटते. या माणसाने देवाशी फक्त प्रामाणिकपणा राखला होता, आणि आता बायको राखायची तर तोच सोडावा लागणार होता.

सहाव्या दिवशी दुपारी ते आले आणि मला म्हणाले, "समोरून चहा घेऊन ये. मी काढतो माह्या झेरॉक्स." मशीन त्यांना येतं. मी चहा घेऊन परत आलो तर ते जायला निघाले होते, हातात घडी घातलेल्या प्रती.

"किती काढल्या?"

"नऊ," म्हणाले आणि चहा न घेता गेले. मला वाटलं दवाखान्याचं काही असेल.

थोड्या वेळाने एक जण आधारची झेरॉक्स काढायला आला. मी मशीनचं झाकण उचललं तर काचेवर मूळ कागद तसाच. शंभरातले साठ जण विसरतात, पण काका विसरणाऱ्यातले नव्हते. मी उचलून पाहिला. ती माती तपासणीची जुनी छापील चिठ्ठी होती, नमुन्याच्या पिशवीत टाकतात ती. काकांच्या गोल अक्षरात भरलेली.

शेतकऱ्याचे नाव या रकान्यात लिहिलं होतं, सौ. मंदा देवराव ढवळे. जमिनीचा प्रकार, 'भारी. वरून कडक, खाली ओल.' ओलीत की कोरडवाहू, 'कोरडवाहू. जास्त मागत नाही.' मागील पीक, 'दोन मुली. दोन्ही उत्तम.' आधी दिलेली खते, 'माझ्याकडून विशेष काही नाही.' आणि पुढे घ्यावयाचे पीक या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'काही पीक नको. फक्त जागेवर राहू द्यावी.'

प्रति, असं वर छापलेलं होतं. त्याच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं.

आधारवाला म्हणाला, "भाऊ, माही झेरॉक्स?" मी त्याला एकाऐवजी चार काढून दिल्या. चिठ्ठी गल्ल्याखालच्या खणात ठेवली. मला ती वाचायला नको होती, आणि वाचली म्हणून बरंही वाटत होतं. काकूंना ही चिठ्ठी दिसली असती तर त्या पहिल्यांदा म्हणाल्या असत्या, मले वावर केलं का काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोबाइलच्या रिचार्जसाठी आल्या. म्हणाल्या, "तुहे काका काल वावरात गेलते. तुरीमधी नऊ खड्डे करून आले."

काकांचं अडीच एकर वावर गावाला लागूनच आहे. मी म्हटलं, "माती काढली असेल तपासायला."

"मातीही जागच्या जागी हाय. खड्डे केले आन् बुजवले. कायले केले म्हून इचारलं तं म्हनते, सवय हाय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले काही म्हनले?"

"नाही," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही. काकूंनी रिचार्जचा मेसेज आला का ते पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

आता मला उलगडा झाला होता. मागायचं तर ठरलं होतं, पण मागताना पद्धत सोडायची नव्हती. झाड टाळून, धुरा टाळून, विहीर टाळून, वावराच्या मधोमध नागमोडी नऊ ठिकाणी, वीतभर खोल. त्या तुरीत हा माणूस एकटा, गुडघ्यावर बसून, एकेक कागद पुरत गेला होता. मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

आठव्या दिवशी अकरा वाजता दुकानात गर्दी होती. काका गर्दीतून आत आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "आलं. पीडीएफ हाय. मी उघडलं नाई."

मी बाकीच्यांना थांबा म्हणालो. फाइल घेतली, प्रिंट दिली. मशीन गुरगुरायला लागलं तसा काकांनी खिशातून टेप काढला आणि माझं काउंटर मोजायला घेतलं. लांबी मोजली. रुंदी मोजली. मग काउंटरपासून भिंतीपर्यंत मोजलं. कोणी हसलं नाही.

दोन पानं निघाली. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. पहिल्या पानावर मला काही कळलं नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी मॅलिग्नन्सी हा शब्द दिसला, तो कॅन्सरचा एवढं मला ठाऊक होतं. मग त्याच्या आधीचे शब्द दिसले. नो एव्हिडन्स ऑफ. मी तीनदा वाचलं. तरी स्वतःवर विश्वास ठेवला नाही, दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.

मी फोन ठेवला. काका भिंतीकडे तोंड करून टेप धरून उभे होते.

"निरंक, काका," मी म्हणालो.

त्यांच्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन आत गेली. ते वळले नाहीत. "पुन्हा सांग."

"निरंक."

"डाक्टरीन म्हनली?"

"डॉक्टरीणच म्हणाल्या. निरंक."

ते स्टूलवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की काउंटरवरचे कागद हलले. मी मशीनकडे तोंड करून रडलो. रांगेतला एक जण, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्ससाठी तासभर उभा असलेला, म्हणाला, "मी नंतर येतो भाऊ. चालते." आठ दिवसांनी माझ्या दुकानात हवा आल्यासारखं झालं.

पाणी प्यायल्यावर काका म्हणाले, "माहा एक कागद तुह्या मशीनमधी राह्यला असन."

मी खणातून काढून दिला, घडी घालून. "वाचला?" त्यांनी विचारलं.

"मशीनने वाचला."

ते हसले. कागद खिशात ठेवला. मी विचारलं, "काका, मग ते पोचलं का कोणाकडे?"

"पावती नाई भेटली." त्यांनी पाण्याचा ग्लास काउंटरवर ठेवला. "पन खरं सांगू का? मी या वयापर्यंत कोनालेच काही म्हनलो नाई. देवालेही नाई, तुह्या काकूलेही नाई. मले वाटे थेच खरं. त्या दिवशी खड्ड्यामधी कागद टाकता टाकता माह्या ध्यानात आलं, मले देव पायजे होता थो काही देयाले नाई पायजे होता. कोनाले तरी सांगाले पायजे होता. आता थो हाय का नाई हे तपासाले मी मोकया हाय." आणि घराकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "नमुना दूषित हाय, हे मी मान्य करतो."

पंधरा दिवसांनी काकू दुकानात आल्या. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. झेरॉक्स होती. कडा मातीने काळ्या झालेल्या, मधे घडीचे डाग.

"याले लॅमिनेशन करून दे."

मी कागद बोटांनी चाचपला. ओला कागद मशीनमध्ये गेला तर बुडबुडे येतात.

"वाळला हाय," त्या म्हणाल्या. "सावलीत वाळवला. उन्हात नाई वाळवत, तुहे काका सांगतेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. "तू खोटं बोलला तवाच मी समजली," म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी जाऊन एक खड्डा उकरला. मले वाटलं, मानूस मोजून मोजून येडा झाला का पाहाव. वाचलं आन् तुरीमधीच बसून राह्यली."

कागद पुन्हा नीट पाहिला तेव्हा मला एक गोष्ट दिसली. 'आधी दिलेली खते' या रकान्यात, 'माझ्याकडून विशेष काही नाही' या ओळीवर बॉलपेनने आडवी रेघ मारलेली होती. शेजारी काकूंच्या मोठ्या, लहान मुलासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे खोटे आहे.' आणि खाली सही, मंदा.

मी प्लास्टिकच्या दोन पानांमध्ये कागद घातला आणि मशीनमधून हळू हळू सोडला. "काकांना सांगायचं नाही?"

"कायले? त्याईले शोधू दे त्याईचा देव. बरे दिसतेत शोधताना." त्यांनी गरम लॅमिनेशन हातात घेतलं, पदराने पुसलं आणि पिशवीत नारळाच्या बाजूला सरळ उभं ठेवलं. तो शनिवार होता. समोर लिंबाखाली काका आधीच येऊन थांबले होते, दहाऐवजी चार-पाच पावलांवर, आणि टेप खिशातच होता.

"आणि बाकीचे आठ?" मी विचारलं. "ते काढायचे नाहीत?"

काकू पायरी उतरता उतरता थांबल्या.

"राहू दे तिथंच," म्हणाल्या. "ज्याचे असतीन त्याले भेटतीन."